पत्र, पडदा की प्रवास: मतभेद हाताळायला शिकवणारा आंतरराष्ट्रीय वर्गविनिमय निवडताना

परदेशातील वर्गाशी जोडून घेण्याचा प्रस्ताव शाळेपुढे येतो, तेव्हा चर्चा बहुधा देश, ॲप आणि खर्च यांभोवतीच फिरते. मुलांना मतभेद हाताळायला शिकवणे हा हेतू असेल, तर त्याआधी वेगळे काही विचारायला हवे: या उपक्रमात मुलांना एकमेकांशी असहमत होता येईल का, आणि झाल्यावर त्यातून वाट काढण्यासाठी पुरेसा वेळ व जाणते माणूस त्यांच्याजवळ असेल का? लेखनाधारित विनिमय, थेट व्हिडिओ संवाद आणि प्रत्यक्ष भेट या तीन मार्गांची तुलना इथे याच कसोटीवर केली आहे.

दुसऱ्या गटाविषयीचा पूर्वग्रह कमी होणे आणि त्या गटातील व्यक्तीशी झालेला वाद सोडवता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीविषयी भरपूर संशोधन आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये दोन गटांमधील फलदायी संपर्काच्या चार अटी सांगितल्या: समान दर्जा, सामायिक उद्दिष्ट, सहकार्य आणि संस्थांचा पाठिंबा. पेटिग्रू आणि ट्रॉप या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा संपर्काने पूर्वग्रह सर्वसाधारणपणे घटतो आणि या अटी पाळल्यास तो अधिक घटतो, असे दिसले. दुसरी गोष्ट मात्र नुसत्या संपर्कातून साधत नाही. समोरच्याची मागणी आणि तिच्यामागची गरज वेगवेगळी ओळखणे, त्याचे म्हणणे त्यालाच पटेल अशा शब्दांत मांडून दाखवणे, दोघांनाही चालेल असा तोडगा काढणे, ही कौशल्ये सरावाने येतात आणि सरावासाठी खरा मतभेद लागतो. सण, पोशाख आणि खाद्यपदार्थ यांच्या सादरीकरणावर थांबलेला विनिमय आनंद देतो, पण या कामाला पुरत नाही.

लेखनाधारित विनिमय हा तिन्हींत सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि माझ्या मते त्याचे मोल नेहमी कमी लेखले जाते. १९८८ साली न्यूयॉर्क राज्यातील आणि मॉस्कोतील शाळांना जोडणारा प्रकल्प सुरू झाला आणि त्यातूनच पुढे आयअर्न हे शाळांचे आंतरराष्ट्रीय जाळे उभे राहिले. युरोपीय आयोगाने २००५ मध्ये सुरू केलेल्या ई-ट्विनिंग या शाळांना ऑनलाइन जोडणाऱ्या उपक्रमातही वर्गांनी मिळून करायच्या प्रकल्पांवर भर आहे. दोन्ही वर्गांना एकाच वेळी हजर राहावे लागत नसल्याने टाइम झोनची अडचण उरत नाही आणि परक्या भाषेत लिहिणाऱ्याला शब्द शोधायला अवधी मिळतो. समजा, एकाच नदीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला वसलेल्या दोन काल्पनिक गावांसाठी दोन वर्गांनी मिळून पाणीवाटपाचा करार लिहायचा आहे. खालच्या गावाची बाजू घेतलेला विद्यार्थी लिहितो, ‘तुम्ही पाणी अडवता म्हणून आमची पिके जळतात.’ वरच्या गावाकडून लगेच तिखट उत्तर तयार होते, पण ते पाठवण्यापूर्वी शिक्षकाच्या हातात एक रात्र असते. आधी समोरच्यांचे म्हणणे दोन वाक्यांत लिहून पाठवायचे आणि ‘होय, आम्हाला हेच म्हणायचे होते’ असा निरोप आल्यावरच आपली बाजू मांडायची, असा नियम घातला, तर उत्तराचा रोख बदलू लागतो. पेरणी कधी होते, धरण कधी भरते, कोणत्या महिन्यात पाणी सोडणे परवडते, असे प्रश्न त्यात येऊ लागतात. या मार्गाची मोठी उणीव म्हणजे मौन. पलीकडे परीक्षा लागल्या किंवा शिक्षक बदलले की उत्तरे थांबतात आणि वाद न सुटताच विरून जातो.

थेट व्हिडिओ संवादात मौनामागे लपता येत नाही. चेहरा दिसतो, आवाजातील कंप ऐकू येतो आणि मुलांना त्याच क्षणी प्रतिसाद द्यावा लागतो. मात्र तीस मुले या पडद्यावर आणि तीस त्या पडद्यावर, अशी नेहमीची मांडणी या उद्देशासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण तीत चारपाच धीट मुले बोलतात आणि बाकीची पाहत राहतात. २००३ मध्ये सुरू झालेल्या सोलिया या ऑनलाइन संवाद-उपक्रमाने विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी लहान गट, अनेक आठवडे तोच गट आणि प्रशिक्षित सुलभक (चर्चा हाताळणारी व्यक्ती) अशी रचना वापरली; शाळांनीही तीच घ्यावी. भाषेकडेही लक्ष द्यावे लागते. एका वर्गाची मातृभाषा हीच संवादाची भाषा असेल, तर ऑलपोर्ट यांची समान दर्जाची अट पहिल्याच मिनिटाला मोडते. मुद्दे आधी लिहून आणण्याची मुभा आणि बोलण्याच्या ठरलेल्या पाळ्या यांनी हे काही अंशी सावरता येते.

प्रत्यक्ष भेटीचा प्रभाव सर्वांत खोल असतो, हे मान्यच करायला हवे. एएफएस या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-विनिमय संस्थेने १९४७ मध्ये शालेय विद्यार्थ्यांची देवाणघेवाण सुरू केली. फ्रान्स आणि जर्मनी यांच्यातील १९६३ च्या एलिझे मैत्री करारानंतर स्थापन झालेल्या फ्रान्स-जर्मनी युवा कार्यालयामार्फत तर पिढ्यान्‌पिढ्या तरुण एकमेकांच्या देशांत जात-येत राहिले. २००३ मध्ये बर्लिनमध्ये भरलेल्या दोन्ही देशांच्या युवा संसदेने संयुक्त इतिहास-पाठ्यपुस्तकाची मागणी केली आणि त्याचा पहिला खंड २००६ मध्ये निघाला. ज्या इतिहासावरून दोन देश लढले, तो एकत्र लिहावा असे तरुणांनीच सुचवावे, याहून मोठी फलश्रुती मला माहीत नाही.

पण परतल्यावर काय होते? सीड्स ऑफ पीस या संस्थेने १९९३ मध्ये अमेरिकेतील मेन राज्यात इस्रायली आणि पॅलेस्टिनी किशोरांची उन्हाळी शिबिरे सुरू केली. श्रोडर आणि रायझन या संशोधकांनी तेथील मुलांचा अभ्यास केला, तेव्हा शिबिराअखेर समोरच्या गटाविषयीच्या भावना सुधारलेल्या दिसल्या. घरी गेल्यावर ही सुधारणा काहीशी ओसरली. पलीकडच्या एखाद्या तरी मुलाशी जवळची मैत्री जुळलेल्यांमध्ये मात्र ती अधिक टिकली. त्यामुळे प्रवासाचे अंदाजपत्रक मांडताना परतीनंतरच्या वर्षभराच्या संपर्काची तरतूद नसेल, तर तो खर्च मला समर्थनीय वाटत नाही. शिवाय व्हिसा आणि पैसा या चाळण्यांतून मोजकीच मुले पार होतात आणि अनेकदा ती आधीच समंजस असतात. ज्यांना या शिक्षणाची सर्वाधिक गरज आहे, ती मागेच राहतात.

म्हणून बारा ते पंधरा वर्षांच्या संपूर्ण वर्गासाठी मी एका सत्राचा लेखी प्रकल्प निवडेन आणि करार अडेल त्या टप्प्यावर लहान गटांचे थेट संवाद ठेवेन; तोवर नावे ओळखीची झालेली असतात आणि बोलण्यासारखे काही खरोखर साठलेले असते. मोठ्या विद्यार्थ्यांसाठी, प्रशिक्षित सुलभक मिळत असतील तरच, सुरुवात थेट संवादाने करता येईल. ज्या दोन समाजांमध्ये प्रत्यक्ष हिंसा झाली आहे, त्यांच्या मुलांना शाळेने केवळ स्वतःच्या बळावर समोरासमोर आणू नये. तिथे अनुभवी संस्थेची सोबत अनिवार्य मानावी.

भागीदार वर्ग ठरवण्यापूर्वी तिथल्या शिक्षकांना तीन गोष्टी विचाराव्यात: एखादे मूल दुखावले गेले तर कोण आणि किती वेळात लक्ष घालेल, कोणत्या विषयांना पालक किंवा प्रशासन हरकत घेईल आणि मुलांचे लेखन व चित्रण कोणाकोणाला पाहता येईल. पहिल्याच प्रश्नावर ‘आमची मुले भांडतच नाहीत’ असे उत्तर आले, तर त्या वर्गाशी स्नेहाचा उपक्रम जरूर करावा. या उद्देशासाठी मात्र दुसरा वर्ग शोधावा.