चार वर्षांच्या आत इंजिन जाम, आणि वॉरंटी फक्त कागदावर

साडेसतरा लाख रुपये. इंजिन बदलण्याचं हे कोटेशन वर्कशॉपने हातात ठेवलं तेव्हा आमच्या डिझेल एसयूव्हीला चार वर्षंही झाली नव्हती. सत्तर लाखांच्या वर मोजून नवी घेतलेली गाडी, प्रत्येक सर्व्हिस कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये, आणि वर वेगळे पैसे भरून घेतलेली एक्स्टेंडेड वॉरंटी. ती विकताना "सर, इंजिन, गिअरबॉक्स सगळं कव्हर्ड आहे" असं छातीठोकपणे सांगितलं होतं. ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत किंवा जे घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

खंबाटकीचा घाट चढताना इंजिनमधून टकटक सुरू झाली आणि काही मिनिटांत गाडी जागच्या जागी बंद पडली. मागे ट्रकची रांग, गाडीत बायको आणि मुलगी. ती संध्याकाळ आठवली की अजून संताप होतो, कारण हे अचानक घडलेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षापासून स्क्रीनवर ऑइलची पातळी मर्यादेच्या वर गेल्याची सूचना येत होती. या गाडीला डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टीच नाही, त्यामुळे स्क्रीन सांगेल तेच खरं मानायचं. दर वेळी मी गाडी नेली आणि दर वेळी थोडं ऑइल काढून "सेन्सर जरा सेन्सिटिव्ह आहे सर, अपडेट टाकलाय" एवढंच सांगून परत दिली.

ऑइल न भरता वाढतं कसं, हे मला नंतर नाना पेठेतल्या ओळखीच्या मेकॅनिकने समजावलं. बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. तो भरत आला की काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं. हे काम पुरं व्हायला गाडी बराच वेळ एका वेगाने पळावी लागते. हिंजवडी ते कोथरूडच्या ट्रॅफिकमध्ये ते पुन्हा पुन्हा अर्धवट राहतं आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल वाढतं, पण पातळ होतं. क्रँक म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा आणि त्याला आधार देणारं बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा जो थर असतो तो टिकत नाही, आणि मग धातूवर धातू घासतो. म्हणजे ती सूचना खरी होती आणि वर्कशॉपला तिचा अर्थ माहीत असायलाच हवा होता.

माझ्यासमोर इंजिनखालचं ऑइलचं चेंबर उघडलं तेव्हा ट्रेमधल्या काळ्या ऑइलवर सोनेरी चुरा चमकत होता. बोटाला घेऊन वास घेतला तर चक्क डिझेलचा. बेअरिंगचा वरचा थर जाऊन आतलं तांबं दिसत होतं. क्रँकवर नखाला लागतील असे ओरखडे. सुटी बेअरिंग कंपनी देत नाही, इंजिनच बदलावं लागेल, असं सांगण्यात आलं.

मग वॉरंटीचं उत्तर आलं: 'ऑइल दूषित झाल्यामुळे झालेलं नुकसान समाविष्ट नाही, वापराची पद्धत अयोग्य.' आधीच्या तक्रारींबद्दल विचारलं तर जॉबकार्ड, म्हणजे गाडी आत घेताना तक्रार आणि काम लिहायचे कागद, पुढे केली. प्रत्येकावर 'जनरल चेकअप'. मी तोंडाने सांगितलेलं एक अक्षरही त्यांवर नव्हतं. खरी फसवणूक मी याला म्हणतो. इंजिन बिघडू शकतं, पण बिघाडाची नोंदच होऊ द्यायची नाही आणि पुढे त्याच कोऱ्या नोंदीवर बोट ठेवायचं, हे जाणूनबुजून केलेलं काम आहे. वर इंजिन उघडल्याची मजुरी आणि गाडी उभी राहिल्याचं रोजचं भाडंही माझ्याच नावावर.

म्हणून जॉबकार्डवर सही करण्यापूर्वी तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. ॲडव्हायझर "सिस्टिममध्ये तसा ऑप्शन नाही" म्हणाला तर तिथेच उभं राहून स्क्रीनच्या फोटोसह ईमेल करा. माझे फोनमधले जुने फोटो तारखांसह निघाले, त्यामुळेच आज माझी बाजू उभी आहे. ऑइलचा नमुना स्वतः सीलबंद करून घ्या. त्यात किती डिझेल मिसळलंय, किती धातू आहे हे प्रयोगशाळा सांगते. नवीन इंजिन बसवलं की जुनं इंजिन वर्कशॉपवाले परत मागतात. ते देऊ नका, तोच पुरावा आहे. ग्राहक आयोग सदोष वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण त्यासाठी वस्तू शिल्लक तर हवी.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वर, मी आधी तक्रार नोंदवली. कंपनीने तेच उत्तर परत पाठवलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही भरपाई किती मागता यावरून नव्हे, तर मोजलेल्या किमतीवरून आयोग ठरतो: 50 लाखांपर्यंत जिल्हा, त्यापुढे 2 कोटींपर्यंत राज्य. माझी तक्रार त्यामुळे राज्य आयोगापुढे आहे. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांची असते, आणि वर्कशॉपवाले "वर कळवलंय, गुडविलमध्ये बघतो" (म्हणजे वॉरंटीबाहेर कंपनी स्वखुशीने खर्च उचलते का ते) म्हणत त्यातले महिनेच्या महिने सहज खातात. माझ्याशीही तेच चाललं होतं. शेवटी वकिलांची नोटीस गेली, तेव्हा कुठे त्यांचा नकार लेखी हातात आला.