दाट वस्तीच्या सर्वेक्षणासाठी कोबो टूलबॉक्स

गरीब, दाट वस्तीतली घरं आणि माणसं नोंदवायला कोबो टूलबॉक्स हे सर्वेक्षणाचे फॉर्म बनवायचं आणि भरायचं सॉफ्टवेअर फार उपयोगी आहे. अँड्रॉइड फोनवर इंटरनेटशिवाय फॉर्म भरता येतो, नेटवर्क मिळालं की पाठवता येतो. पण फॉर्मची मांडणी नीट हवी. एकाच दारामागे दोन-तीन चुली असतात. म्हणून घर, त्यात कुटुंब, त्यात माणूस असे ‘रिपीट ग्रुप’ (पुन्हा पुन्हा भरता येणारे प्रश्नांचे गट) एकात एक बसवा. नाहीतर भाडेकरू आणि माळ्यावर राहणारे सुटतात, लोकसंख्या खोटी कमी दिसते.

जीपीएसवर मात्र विसंबू नका. अरुंद गल्लीत सिग्नल भिंती-पत्र्यांवरून परावर्तित होतो आणि घराचा नकाशावरचा ठिपका शेजारच्या रांगेत पडतो. दारावर खडूने क्रमांक घाला, तोच फॉर्ममध्ये लिहा. मजल्यासाठी वेगळा प्रश्न ठेवा. वरखालची घरं नकाशावर एकाच ठिपक्यात येतात.