चेन्नईच्या ओएमआर रस्त्यावर राहणाऱ्यांनो, तमिळ शिकायचं असेल तर हा क्लास घ्या

चेन्नईत बदली होऊन आलेल्या मराठी लोकांसाठी लिहितेय. शोलिंगनल्लूरला एक मॅडम घरीच स्पोकन तमिळ शिकवतात. असे क्लास इथे बरेच आहेत पण बहुतेक ठिकाणी एन्ना, एव्वळवु, वेंडाम (काय, किती, नको) एवढं पाठ करून घेतात आणि झालं, या मॅडम मात्र पहिल्याच दिवसापासून ऴ च्या, म्हणजे ळ खाली टिंब देऊन लिहितात त्या तमिळ उच्चाराच्या, मागे लागतात आणि मला तेच सगळ्यात आवडलं.

हा उच्चार जगात फार थोड्या भाषांत सापडतो. आपल्याकडे तमिळ-मल्याळममध्ये टिकलाय, जुन्या कन्नड-तेलुगूतही होता, तिथून गेला. इंग्रजीत तो झेड-एच असा लिहितात म्हणून आपले पेपरवाले द्रमुकच्या नेत्या कनिमोऴींचं नाव कनिमोझी छापतात, आणि बोलताना आपण मराठी माणसं सरळ ळ म्हणून मोकळे होतो कारण कानाला तो तसाच लागतो. मॅडम हातात आरसा देतात आणि दाखवतात, ळ ला जीभ मागे वळून टाळूला लागते आणि झटकन खाली येते, ऴ ला तेवढीच मागे वळवायची पण टेकवायची नाही, वरून हवा जाऊ द्यायची, म्हणून तो दम असेपर्यंत लांबवता येतो. मग वाल्, वाळ्, वाऴ् ओळीने म्हणून घेतात. शेपूट, तलवार आणि जगणं, तीन वेगळे शब्द! जरा जमायला लागलं की केळ्यावरून घसरून पडलेल्या गरीब म्हाताऱ्याचं ते प्रसिद्ध वाक्य, त्यात जवळजवळ प्रत्येक शब्दात ऴ आहे. आणि टाळता तर येतच नाही हो, सगळ्या वारांच्या शेवटी किऴमै, गुरुवार तर वियाऴक्किऴमै, दोनदा.

मॅडम उगाच घाबरवत नाहीत हे पण सांगते. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत भरपूर तमिळ लोकच ळ म्हणतात, जुन्या मद्रासी बोलीत वाऴैप्पऴम (केळं) चं वायप्पयम होतं, त्यामुळे दुकानात कोणी अडवणार नाही असं त्या स्वतःच सांगतात. तरी त्या सोडत नाहीत आणि माझ्या मते बरोबरच करतात, भाषेच्या नावातच तो आवाज आहे ना, तमिऴ्.

आता खटकलेलं. नोट्स इंग्रजी अक्षरांत आहेत, त्यात ल आणि ळ एकच दिसतात, आपण देवनागरीत लिहून घ्यायचं, ळ खाली टिंब दिलं की काम झालं. प्रॅक्टिससाठी एक अ‍ॅप सुचवतात ते बिनकामाचं, ळ म्हटलं तरी हिरवी टिक देतं. संध्याकाळच्या बॅचला गर्दी असते, एकेकाकडे बघायला वेळ पुरत नाही, सकाळची मिळाली तर तीच घ्या. ऑनलाइन बॅच पण आहे पण ती नकोच, फोनच्या स्पीकरवर ळ आणि ऴ मधला फरक नीट कळत नाही आणि मॅडमची जीभ कुठे वळते ते तर अजिबात दिसत नाही.