ऑइलच्या झाकणाखाली साय: गाडी दारात गरम करावी, कोराडीला फिरवून आणावी, की ऑइलच बदलावं?

डिसेंबर लागला की नागपुरातल्या आमच्या धरमपेठेतल्या गल्लीत सकाळी साडेसहाला एक इंजिन सुरू होतं आणि पंधरा मिनिटं जागच्या जागी घुरघुरत राहतं. गाडी शेजारच्या काकाजींची. ते निवृत्त आहेत. गाडी दिवसाकाठी गोकुळपेठ बाजारापर्यंत जाते, फार तर सिताबर्डीला. परवा त्यांनी मला बोलावून ऑइल भरायचं झाकण उघडून दाखवलं. आतून पिवळट-पांढरा थर, विरजलेल्या सायीसारखा.

"मिस्त्री म्हणतो हेड गॅस्केट गेलं. काऊन गेलं असेल? मी तर रोज गरम करतो ना गाडी!"

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील; ते गेलं की कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये मिसळतं. मी म्हटलं, काकाजी, आधी ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी ओढून बघा. पट्टीवर ऑइल नेहमीसारखं तपकिरी-काळं होतं. कूलंटची पातळी महिनाभरात हललेली नव्हती, तापमानाचा काटाही नेहमीपेक्षा वर चढत नव्हता. म्हणजे गॅस्केट बहुधा शाबूत आहे, ही वाफेची करामत. पट्टीवरचं ऑइलही दुधाच्या चहासारखं दिसत असेल, कूलंट कमी होत असेल किंवा इंजिन तापत असेल, तर मात्र पुढचं वाचत बसू नका. गाडी बंद ठेवा आणि मिस्त्रीला घरी बोलवा.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही पटलं नव्हतं, पण हिवाळ्यात सकाळी सायलेन्सरमधून थेंब गळतात ते हेच पाणी. बहुतेक सगळी वाफ तिकडून जाते. थोडी मात्र पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. इंजिन नीट तापलेलं असेल तर ती ब्रीदरच्या नळीतून परत इंजिनात ओढली जाऊन सायलेन्सरमधून बाहेर जाते. इंजिन थंड असेल तर ती सगळ्यात गार जागी, म्हणजे वरच्या कव्हरला आणि झाकणाला, थेंब होऊन बसते आणि ऑइलमध्ये घुसळली जाते. झाकणावरचा थर दिसायला वाईट असला तरी फारसा घातक नाही. खरी काळजी खालच्या ऑइलची, कारण पाणी आणि ज्वलनातली घाण मिळून आम्ल तयार होतं आणि ते मारणारी ऑइलमधली रसायनं वेळेआधी संपतात.

नागपूरचा पारा २०१८च्या डिसेंबरात ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, पण ते अपवादाने. एरवी रात्री दहा-बारा अंश आणि दुपारी स्वेटर काखोटीला. आपल्याकडे दोष थंडीचा कमी आणि तीन किलोमीटरच्या फेऱ्यांचा जास्त.

आता काकाजींपुढे तीन रस्ते होते.

पहिला, चालू आहे तोच: दारात उभी करून गरम करणे. जागेवर इंजिनवर भार नसतो, त्यामुळे ते फार हळू तापतं. डॅशबोर्डचा काटा सांगतो ते कूलंटचं तापमान. ऑइल त्याच्या बरंच मागे असतं, जवळपास दुप्पट वेळ घेतं. पंधरा मिनिटांनी काटा मधोमध येतो, आपण खूश होतो, आणि चेंबरमधलं ऑइल अजून कोमटच असतं. वर तेवढा वेळ पेट्रोल जळत असतं, म्हणजे नवं पाणी बनतच असतं. लहान पेट्रोल इंजिन उभ्या-उभ्या तासाला अर्धा ते पाऊण लिटर पितं. रोज पाव तास म्हणजे महिन्याला चार-साडेचार लिटर. साडेचारशे रुपये खर्चून आपण ऑइलला पाणी पाजतो. सेल्फ मारल्यावर अर्धा मिनिट थांबा आणि रेस न देता सावकाश निघा. आपल्या थंडीला एवढं पुरे.

दुसरा, आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर तीस-चाळीस मिनिटं सलग चालवणे. मला हाच पटतो. ऑइल नव्वद-शंभर अंशांच्या घरात गेलं आणि तिथे थोडा वेळ टिकलं की ओल उडून जाते. त्यासाठी रामटेक गाठायची गरज नाही. धरमपेठेहून कोराडीला जाऊन देवीचं दर्शन घेऊन परत आलं की तीसेक किलोमीटर होतात. फक्त तिथे तासभर गाडी उभी करून परत निघालात तर ती पुन्हा गार झालेली असते, म्हणून शक्य तर आऊटर रिंग रोडचा वळसा घ्या. खर्च दोन लिटर, महिन्याला आठशे रुपये. दारात जाळण्यापेक्षा महाग, पण यात काम होतं, बॅटरी चार्ज होते आणि घरच्यांना रविवारचे तर्री पोहे मिळतात.

तिसरा, ऑइल लवकर बदलणे. बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असं असतं, पण त्याच पुस्तिकेत मागे कुठेतरी 'कठीण वापर' म्हणून वेगळा तक्ता सापडतो. सतत छोट्या फेऱ्या त्यात मोडतात, आणि तिथे मुदत बहुधा निम्मी असते. काकाजींची गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटरही चालत नाही. किलोमीटर मोजत बसलं तर त्यांचं ऑइल तीन वर्षं 'नवं' राहील. अशा गाडीला महिनेच मोजावे लागतात. ऑइल-फिल्टर मिळून दोन-तीन हजार जातात. वर्षातून एकदाच बदलणार असाल तर दिवाळीत नको, होळीच्या सुमारास बदला: हिवाळाभर ओल प्यालेलं ऑइल बाहेर जाईल आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात ताजं राहील. महागडं सिंथेटिक टाकलं म्हणून पाणी साचायचं थांबत नाही. ते जास्त दिवस टिकतं, एवढंच.

रोज शहराबाहेर लांब बुटीबोरीला कारखान्यात जाणाऱ्याला यातलं काहीच करायला नको. त्याचं ऑइल रोज उकळून निघतं. सीएनजीवाल्यांनी थोडं जास्त जपावं, कारण किलोमागे सव्वादोन किलो पाणी बनतं, पेट्रोलपेक्षा बरंच जास्त. हायब्रिडचं इंजिन शहरात अधूनमधून बंद होतं, तिथेही ऑइल तापायला वेळ लागतो. बीएस-६ (धुराच्या कडक नियमांतली) डिझेल गाडी असेल तर लांब फेरी दुहेरी गरजेची. तिथे धुराच्या नळीतल्या फिल्टरमधली काजळी जाळायला गाडी पळवावीच लागते.

आणि बाजार एक किलोमीटरवर असेल तर पिशवी घेऊन चालत जाणं यात सगळ्यात स्वस्त. हे मी काकाजींना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून विषय बदलला.

त्यांनी कोराडी आणि होळीचं ऑइल, दोन्ही कबूल केलं. मिस्त्रीला सध्या थांबवलंय. झाकण कापडानं पुसून लख्ख केलंय. चार रविवार फिरवून पुन्हा उघडायचं. साय कमी झाली तर ठीक, आणि तोवर पट्टी व कूलंट दर आठवड्याला बघायचं. सकाळी साडेसहाला गल्ली आता शांत असते.