रश आधी की ट्रॅजिकली हिप? कॅनडाच्या रॉकमध्ये शिरताना

कॅनडाचा रॉक गायक म्हटलं की आपल्याकडे एकच नाव निघतं, ब्रायन अ‍ॅडम्स. नव्वदच्या दशकात कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ज्यानं गिटार हातात घेतली, त्यानं 'समर ऑफ सिक्स्टीनाइन' वाजवलंच. तो कॅनडाचा आहे, त्याचा जन्म ओंटारिओतल्या किंग्स्टनचा आहे, हे आम्हाला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. पण इथे येऊन राहिलं की ऑफिसात, शेजारी, पोरांच्या शाळेतल्या पालकांत दुसरीच दोन नावं कानावर पडतात: रश आणि ट्रॅजिकली हिप. मग नवीन आलेले मित्र विचारतात, सुरुवात कुठून करू? दोन्ही ऐकायला वेळ कुणाला आहे? हा लेख त्यांच्यासाठी, आणि पुण्या-मुंबईत बसून कुतूहल वाटतं त्यांच्यासाठीही.

आधी ओळख. रश म्हणजे तिघे. गेडी ली बास वाजवतो, गातो आणि कीबोर्डही सांभाळतो. अ‍ॅलेक्स लाइफसन गिटारवर. ड्रमवर नील पर्ट, आणि जवळजवळ सगळ्या गाण्यांचे शब्द लिहिणाराही तोच. बँड १९६८ साली टोरोंटोच्या विलोडेल भागात सुरू झाला. पर्ट आला १९७४ मध्ये, पहिला अल्बम निघाल्यावर. हिप म्हणजे किंग्स्टनचे पाच जण, सुरुवात १९८४. गायक आणि शब्दांचा धनी गॉर्ड डाउनी, बास गॉर्ड सिंक्लेअर, दोन गिटार रॉब बेकर आणि पॉल लँगलॉ यांच्या, ड्रमवर जॉनी फे. १९८६ पासून शेवटपर्यंत हेच पाच.

कानाला काय वाटतं ते आता सांगतो, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो.

रशमध्ये गेडी लीचा आवाज ही पहिली परीक्षा. सत्तरच्या दशकातल्या अल्बममध्ये तो इतका वर जातो की काहींना पहिल्या दोन मिनिटांत सोडून द्यावंसं वाटतं. तसं झालं तर १९८० नंतरचं ऐका, तिथे तो बराच खाली उतरलेला आहे. पण वादन! ज्याला तालाची गोडी आहे त्याला रश सापडणं म्हणजे घबाड. 'वायवायझी' हे शब्दाविना गाणं टोरोंटोच्या पिअर्सन विमानतळाच्या सांकेतिक अक्षरांच्या मोर्स कोडवर उभं आहे. त्या लांब-आखूड ठोक्यांचंच त्यांनी दहाचं आवर्तन केलं. 'सबडिव्हिजन्स'ची सुरुवात सातात आहे. तबला ऐकत वाढलेल्या माणसाला समेवर मान डोलावायची सवय असते. इथे ती मान दोन-तीनदा चुकते आणि मग बरोबर पडते, तेव्हाचा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. '२११२' या १९७६च्या अल्बमची अख्खी पहिली बाजू म्हणजे वीस मिनिटांची एकच रचना. रेडिओवर तीन-चार मिनिटांच्या गाण्यांना सरावलेल्यांना ती जड जाते. पाऊण तासाचा ख्याल बसून ऐकलेल्यांना ती जड जायचं कारण नाही.

या '२११२'ची जन्मकथा मला फार प्रिय आहे. त्याआधीचा 'करेस ऑफ स्टील' सपाटून पडला होता. कार्यक्रमांना गर्दी नव्हती, कंपनीला छोटी, रेडिओवर चालणारी गाणी हवी होती. तिघांनी ठरवलं, बुडायचंच असेल तर आपल्याला हवं ते करून बुडू. आणि त्यांनी संगीतावर बंदी असलेल्या भविष्यकाळातल्या एका माणसाची, त्याला सापडलेल्या गिटारची गोष्ट वीस मिनिटं सांगितली. त्याच अल्बमनं बँड तारला.

हिपचं वादन असं थक्क करणारं नाही. ब्लूजच्या मातीतलं सरळ रॉक, दोन गिटार एकमेकींना धरून चालणाऱ्या, बहुतेक ठिकाणी चाराचा ठेका. वादक म्हणून तुम्ही कान लावलात तर पहिल्या खेपेला 'यात विशेष काय?' असं वाटेल. मलाही वाटलं होतं. हिप ऐकायची असते ती डाउनीच्या तोंडून येणाऱ्या शब्दांसाठी. तो गातो, बोलतो, मध्येच पुटपुटतो. मंचावर तर गाणं थांबवून भलतीच गोष्ट सुरू करायचा आणि तिच्यातूनच पुढचं गाणं जन्माला यायचं. त्याचे शब्द लगेच उलगडत नाहीत. कारण त्यांत एक देश भरलेला आहे, आणि तो देश आपल्याला ठाऊक नसतो.

'फिफ्टी-मिशन कॅप' घ्या. बिल बारिल्को हा टोरोंटो मेपल लीफ्स या आइस हॉकी संघाचा खेळाडू. १९५१ मध्ये त्याच्या गोलनं लीफ्सनं स्टॅन्ली कप जिंकला, आणि त्याच उन्हाळ्यात तो मासेमारीच्या सहलीवर विमानासकट बेपत्ता झाला. त्यानंतर लीफ्सना कप मिळाला तो थेट १९६२ मध्ये, आणि त्याच वर्षी त्याचे अवशेष सापडले. हॉकीच्या एका कार्डावरची ही माहिती डाउनीनं उचलली आणि तिचं गाणं केलं. 'व्हीट किंग्ज' ऐकायला हळुवार, अंगाईसारखं; पण ते आहे डेव्हिड मिलगार्डवर. सस्कातूनमधल्या एका खुनासाठी किशोरवयात गजाआड गेलेला हा माणूस २३ वर्षं तुरुंगात राहिला, १९९२ मध्ये सुटला आणि १९९७ मध्ये डीएनएच्या पुराव्यानं निर्दोष ठरला. ही दोन्ही गाणी १९९२च्या 'फुली कम्प्लीटली'मध्ये आहेत. एका अल्बममधून मला इथल्या इतिहासाचे जितके धागे मिळाले, तितके नागरिकत्वाच्या परीक्षेच्या पुस्तिकेतून मिळाले नाहीत, हे मी मनापासून सांगतो.

दोघांना लोकांपर्यंत पोचवलं कुणी, हे पाहिलं की फरक आणखी उघडा पडतो. रशला हात दिला तो अमेरिकेनं. पहिला अल्बम त्यांनी स्वतःच्याच छोट्या लेबलवर काढला होता. तो क्लीव्हलंडच्या डब्ल्यूएमएमएस रेडिओवर डोना हॅल्पर या निवेदिकेच्या हाती पडला. तिनं 'वर्किंग मॅन' लावलं आणि कारखान्यांच्या त्या शहरातले श्रोते फोन करू लागले, ही लेड झेपलिनची नवी रेकॉर्ड कुठे मिळेल म्हणून. तिथून करार झाला, दौरा झाला, आणि टोरोंटोला आपल्या पोरांची किंमत मग कळली.

हिपच्या वेळेपर्यंत घरची घडी बसली होती. १९७१ पासून कॅनडातल्या एएम रेडिओला किमान ३० टक्के गाणी देशी लावावी लागत. पुढे हे प्रमाण वाढून ३५ टक्के झालं. गाणं देशी ठरवण्याच्या चार कसोट्या: संगीत कुणाचं, कलाकार कोण, ध्वनिमुद्रण वा सादरीकरण कुठलं, शब्द कुणाचे. चारांतल्या दोन जुळल्या की झालं. या नियमाची शिस्त इतकी कडक की १९९१ मध्ये खुद्द ब्रायन अ‍ॅडम्सचा अल्बम परकीय ठरला, कारण गाणी त्यानं परदेशी निर्मात्याबरोबर मिळून लिहिली होती आणि ध्वनिमुद्रण बाहेर झालं होतं. मोठा गदारोळ झाला आणि नियमात दुरुस्ती करावी लागली. मी या नियमाच्या बाजूचा आहे. शेजारी एवढा अवाढव्य असताना घरच्या गाण्यासाठी जागा राखली नाही, तर ती आपोआप राहत नाही.

त्यात १९८४ च्या ऑगस्टअखेर टोरोंटोत मचम्युझिक ही संगीत वाहिनी सुरू झाली. तिचे व्हीजे, म्हणजे गाण्यांचे व्हिडिओ सादर करणारे, घरोघरी ओळखीचे चेहरे झाले: एरिका एम, मायकेल विल्यम्स, स्टीव्ह अँथनी. पंजाबात जन्मलेली मोनिका देओल 'इलेक्ट्रिक सर्कस' हा नाचगाण्याचा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालवत होती. भारतीय चेहरा पडद्यावर असणं तेव्हा इथल्या आपल्या पोरींना केवढा आधार होता, हे त्या पिढीतल्या बायकांकडून मी ऐकलंय. रेडिओ आणि मच, या दोघांच्या बळावर हिपला अमेरिका न जिंकताही घरात भरभरून जगता आलं. अमेरिकेनं त्यांना संधी दिली नाही असं नाही. १९९५ मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'वर ते वाजवून आले. पण सीमेपलीकडे बफेलो-डेट्रॉइटपुरतं प्रेम मिळालं, पुढे फारसं नाही. त्यांच्या चाहत्यांत यावरून अजून वाद होतो. मला त्यात खंत वाटत नाही. बारिल्कोचं गाणं टेक्ससमध्ये रुजलं नाही, तर ते गाण्याचं न्यून कसं?

आता इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, कॅनडा समजून घ्यायचा तर हिप, आणि नुसतं संगीत हवं तर रश. मीही वर्षानुवर्षं हेच सांगत आलो. आता मला ते अर्धवट वाटतं.

गेडी लीचे आई-वडील पोलंडचे ज्यू. नाझींच्या छळछावण्यांतून वाचून ते टोरोंटोला आले. १९८४ मधलं 'रेड सेक्टर ए' हे गाणं त्याच्या आईनं सांगितलेल्या आठवणींतून आलंय. लाइफसनचे आई-वडील सर्बियातून आलेले. त्याचं खरं आडनाव झिवोयिनोविच. म्हणजे रशचे दोघे ही स्थलांतरितांची पोरं, उपनगरात वाढलेली. त्यांच्या गाण्यात गावांची नावं जवळजवळ नाहीत, हॉकी नाही, तलावाकाठची कॉटेज नाही. पण 'सबडिव्हिजन्स' आहे. एकसारख्या घरांच्या रांगा, कुठल्याच टोळक्यात न बसणारा पोरगा, शहराच्या दिव्यांकडे लागलेले डोळे. टोरोंटोलगतच्या ब्रॅम्प्टन-मिसिसागात वाढणाऱ्या आपल्या पोरांनी हे ऐकलं तर त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. योगायोग असा की रशनं ज्या रेडिओच्या घोषवाक्यावरून 'द स्पिरिट ऑफ रेडिओ' लिहिलं, ते सीएफएनवाय केंद्र ब्रॅम्प्टनमध्येच जन्मलेलं.

म्हणून माझा आजचा सल्ला असा. तुम्ही चाळिशीत कॅनडाला आलात, शेजारी काय बोलतात ते कळावंसं वाटतं, तर हिप. 'फुली कम्प्लीटली' आधी, नंतर १९९८चा 'फँटम पॉवर', त्यातलं 'बॉबकेजन' चुकवू नका. टोरोंटोतली नोकरी आणि लहान गावातलं चांदण्यांचं आकाश यांत ओढला गेलेला माणूस त्यात आहे. नोकरीपायी गाव सोडलेल्या कुणालाही तो परका वाटणार नाही. घरात पंधरा वर्षांचं पोर असेल, किंवा तुम्ही स्वतः काही वाजवत असाल, तर रश. 'मूव्हिंग पिक्चर्स' हा १९८१चा अल्बम, चाळीस मिनिटांचा. त्यात काहीही गाळू नका. '२११२' दुसऱ्या आठवड्यात. पुण्यात बसून ऐकणार असाल तरी रशच. हिपसाठी हाताशी नकाशा लागतो.

वाटाड्या हवा असेल तर अ‍ॅलन क्रॉस. 'द ऑनगोइंग हिस्ट्री ऑफ न्यू म्युझिक' हा त्याचा रेडिओ कार्यक्रम १९९३ पासून, आणि आता पॉडकास्ट म्हणूनही मिळतो. तो गोष्टीवेल्हाळ आहे, कारणं सांगतो, तपशील सोडत नाही. जॉर्ज स्ट्रोम्बोलोपोलस हा मचचा जुना व्हीजे, पुढे सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक वाहिनीवर मुलाखती घेणारा. माणूस मोकळा करायची कला त्याच्याकडे जास्त. नवख्यानं क्रॉसपासून सुरू करावं.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर मात्र निवड उरलेली नाही. पर्ट २०२० च्या जानेवारीत गेला, मेंदूच्या कर्करोगानं. डाउनी त्याच आजारानं २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये. दोन्ही बँडचे शब्द लिहिणारे हात एकाच दुखण्यानं नेले, हे आठवलं की मला अजून अस्वस्थ व्हायला होतं. रशच्या उरलेल्या दोघांनी जर्मन ड्रमर आनिका निलेसला घेऊन २०२६ चा दौरा जाहीर केला. पर्टच्या जागी कुणी बसावं का, यावर चाहत्यांत दोन तट आहेत. मी 'बसावं' म्हणणाऱ्यांतला. त्या दोघांनी किशोरवयापासून एकत्र वाजवलंय. त्यांना थांबा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हिपचा शेवटचा कार्यक्रम २० ऑगस्ट २०१६ ला किंग्स्टनमध्ये झाला. डाउनीचं दुखणं बरं होणारं नाही हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. रिओ ऑलिंपिक चालू असताना सीबीसीनं तो कार्यक्रम जाहिरातींशिवाय दाखवला, आणि १ कोटी १७ लाख लोकांनी पाहिला, म्हणजे देशातला जवळजवळ दर तिसरा माणूस. तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो प्रेक्षकांत होते. डाउनीनं मंचावरून त्यांना उद्देशून उत्तरेकडच्या मूळ निवासी लोकांची आठवण करून दिली. त्याच वर्षी त्यानं चॅनी वेंजॅक या बारा वर्षांच्या मुलावर अल्बम काढला. हा मुलगा १९६६ मध्ये, मूळ निवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळेतून पळून घराकडे चालत निघाला आणि थंडीनं वाटेतच गेला. हिपवर माहितीपट पाहायचा असेल तर डाउनीचा भाऊ माइक यानं केलेला, २०२४चा, चार भागांचा पाहा.

आणि गाडी असेल तर एक शनिवार काढा. विलोडेलमध्ये ली आणि लाइफसन यांच्या नावाची छोटी बाग आहे, तिथून निघा. ४०१ महामार्गानं किंग्स्टन अडीच-पावणेतीन तासांवर. 'मूव्हिंग पिक्चर्स' ओशावाच्या आसपास संपेल. मग 'फुली कम्प्लीटली' लावा, आणि किंग्स्टन जवळ आलं की 'फँटम पॉवर'. किंग्स्टनमध्ये ज्या सभागृहात तो शेवटचा कार्यक्रम झाला, त्याच्यासमोरच्या रस्त्याचं नाव ट्रॅजिकली हिप वे. गाडी तिथे लावा आणि अल्बम पुरा होईपर्यंत उतरू नका.