समाजसेवेतल्या नोकरीसाठी बायोडेटा: तारखांप्रमाणे मांडावा की कौशल्यांप्रमाणे?

एका मांडणीत नोकऱ्या तारखांप्रमाणे येतात, सर्वांत अलीकडची आधी. दुसरीत समुपदेशन, केसवर्क (एकेका व्यक्तीसोबत किंवा कुटुंबासोबत केलेलं काम), गटकार्य असे मथळे येतात आणि अनुभव त्यांखाली वाटला जातो. बाकीच्या क्षेत्रांत हा आवडीचा प्रश्न असेल, इथे नाही. तुमच्या हाती मुलं, एकाकी वृद्ध, घरातल्या हिंसेतून बाहेर पडलेल्या बाया सोपवल्या जाणार असतात. तुम्ही कुठे, किती काळ आणि कोणाच्या देखरेखीखाली काम केलंत, हे संस्थेला आधी कळायला हवं असतं.

त्यामुळे क्षेत्रात वर्ष-दोन वर्षं जरी काढली असतील, तरी माझं मत सरळ तारखांच्या बाजूने. शिक्षणातलं फील्डवर्कही त्यात नोकरीसारखंच लिहावं: संस्था, महिने, काम. मधल्या रिकाम्या काळाची एक ओळ द्यावी, 'आजारी आईची देखभाल' इतकी पुरते. मुलांशी संबंधित जागांसाठी हा काळ विचारलाच जातो; इंग्लंडमध्ये शाळांच्या भरतीच्या सरकारी मार्गदर्शनातही ते आहे.

कौशल्यांच्या मांडणीत नेमकं हेच झाकलं जातं. 'संकटकाळात हस्तक्षेप' असा मथळा दिसतो, पण तो आठवड्याच्या शिबिरातला की तीन वर्षांच्या हेल्पलाइनवरचा, ते कळत नाही, आणि वाचणाऱ्याला शंका येते. तरीही एका माणसासाठी ही मांडणी खरोखर उपयोगाची आहे: शिक्षकी, नर्सिंग किंवा पोलीस सेवेतून इकडे वळणारा. त्याचं पदनाम काहीच सांगत नाही, काम मात्र खूप सांगतं. त्याने वर तीन-चार कौशल्यं उदाहरणांसह द्यावीत आणि खाली तारखांची यादी ठेवावीच. यादी गाळू नये.

मांडणी कुठलीही घ्या, ओळ पोकळ असेल तर उपयोग नाही. 'गरजूंना मदत केली' यातून काय समजणार? 'एका वेळी २५ कुटुंबांच्या केसेस. गृहभेटी, केस नोंदी, निवारा व कायदेशीर मदतीसाठी रेफरल (योग्य संस्थेकडे पाठवणं). दर पंधरवड्याला वरिष्ठांकडून सुपरव्हिजन' ही ओळ वाचली की तुमचा दिवस डोळ्यांपुढे येतो. आकडा अर्थात तुमचा, खरा हवा. लाभार्थीचं नाव नको, ओळख पटेल असा तपशीलही नको. गोपनीयता पाळता की नाही, हे तिथेच कळतं.

व्यसनातून बाहेर पडलेले किंवा स्वतः निवारागृहात राहिलेले अनेक जण या कामाकडे वळतात. तो अनुभव मोलाचा आहे, पण तो सांगण्याची सक्ती स्वतःवर करून घेऊ नका. त्याच अनुभवातून गेलेल्या माणसाने इतरांना आधार देण्याची जागा असेल आणि जाहिरातीत स्वानुभव मागितला असेल, तर पहिल्या परिच्छेदात स्पष्ट लिहा. एरवी अशा ठिकाणी काम केलं असेल तर ते लिहा, तिथे का पोहोचलात ते लिहू नका.

अजून ठरत नसेल तर जाहिरात पुन्हा वाचा. 'अमुक वर्षांचा अनुभव' आधी मागितला असेल तर तारखा वर, 'संवादकौशल्य, गट चालवण्याची सवय' आधी असेल तर कौशल्यं वर.