सोलापुरातल्या लहान आर्किटेक्ट ऑफिससाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? कॅड, स्केचअप आणि बिमची पारख

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोडकडचे बंगले, चिंचोळी एमआयडीसीतली एखादी शेड, वर्षाकाठी एखाददुसरी अपार्टमेंट. तीन ते सहा माणसांच्या ऑफिसात साधारण अशी कामं येतात, आणि हा आढावा त्यांच्यासाठीच आहे. कॅड म्हणजे संगणकावरचं रेषांचं ड्रॉइंग, स्केचअप म्हणजे झटपट त्रिमिती मॉडेल, आणि बिम म्हणजे इमारतीचं असं एकच मॉडेल, ज्यातून सगळी ड्रॉइंग निघतात. सॉफ्टवेअर निवडताना बहुतेक ऑफिसं रेंडर, म्हणजे इमारतीचं खऱ्यासारखं चित्र, बघून ठरवतात. त्याआधी ड्रॉइंग कुणाच्या हातात जाणार हे मोजा. बांधकाम परवाना विभाग, आरसीसी कन्सल्टंट आणि साईटवरचा सेंटरिंगवाला, या तिघांपैकी एकाचं जरी अडलं तरी सुंदर रेंडरचा उपयोग शून्य.

पहिला निकष म्हणून परवानगीचं ड्रॉइंगच धरा. डिसेंबर 2020 मध्ये राज्याची एकत्रित विकास नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, मंजूर झाली आणि सोलापूर महापालिकेलाही ती लागू आहे. एफएसआयसाठीचं क्षेत्र पी-लाईनवर, म्हणजे मजल्याच्या बांधकामाच्या बाहेरच्या कडेवर, मोजलं जातं, म्हणून प्रत्येक मजल्याची पी-लाईन ही बंद पॉलीलाईनच (सलग जोडलेली एकच रेषा) हवी. ड्रॉइंग संगणकाने तपासायचं म्हटलं की लेयरचं नाव, पॉलीलाईन बंद आहे की नाही आणि एकावर एक पडलेल्या रेषा, यावरच फाईल परत येते. डोळ्यांना बंद दिसणारा चौकोन प्रत्यक्षात उघडा असतो. शेवटचा बिंदू पहिल्यावर नेऊन ठेवलेला असतो, पण प्रॉपर्टीजमध्ये ‘क्लोज्ड’पुढे ‘नो’ असतं. उपाय ठरलेला आहे: आधी ओव्हरकिल चालवून दुहेरी रेषा पुसून टाका, मग पेडिटमध्ये (पॉलीलाईन दुरुस्तीची कमांड) जॉइन करून क्लोज द्या, शेवटी फाईलच्या चुका काढणारं ऑडिट आणि नको ते साफ करणारं पर्ज. बाउंडरी कमांड मध्येच नकार देत असेल तर कुठेतरी अर्ध्या मिलिमीटरची फट आहे. ती झूम करून शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा पेडिटचं मल्टिपल आणि फझ डिस्टन्स वापरा.

या कामात पूर्ण ऑटोकॅड सगळ्यात बिनधोक आहे. एलटी ही त्याची कमी सोयींची आवृत्ती स्वस्त आहे, 2024 च्या आवृत्तीपासून त्यात लिस्पही (कमांड आपोआप चालवणारे छोटे प्रोग्राम) चालतं. पण एआरएक्सवर (ऑटोकॅडसाठी जोडप्रोग्राम लिहायची पद्धत) बांधलेले बाहेरचे प्लगइन एलटीवर बसत नाहीत. तपासणीचं साधन जर प्लगइन म्हणून बसवायचं असेल तर एलटी घेऊन अडायला होईल. म्हणून पैसे भरण्याआधी परवाना विभागाकडे काम करणाऱ्या कुणाकडूनही दोन गोष्टी विचारून घ्या: प्लगइन लागतं का, आणि ते ऑटोकॅडच्या नेमक्या कोणत्या आवृत्तीवर चालतं. नवी आवृत्ती आली म्हणून लगेच अपडेट करायची घाई करू नका. सबस्क्रिप्शनमध्ये मागच्या तीन आवृत्त्या उतरवता येतात, तेवढी सोय पुरते.

ऑटोकॅडचा कायमस्वरूपी परवाना 2016 पासून नव्याने मिळत नाही, वर्षाचं भाडंच भरावं लागतं, वर 18 टक्के जीएसटी. चार ड्राफ्ट्समनसाठी चार पूर्ण ऑटोकॅड ही त्यामुळे उधळपट्टी वाटते. परवाना माणसाच्या नावावर असतो, मशीनच्या नाही, हेही लक्षात ठेवा. मुलगा काम सोडून गेला की त्याचं नाव काढून दुसऱ्याचं घालावं लागतं. खातं ऑफिसच्या ईमेलवर काढा, ड्राफ्ट्समनच्या स्वतःच्या जीमेलवर कधीही नको.

बाकीच्या खुर्च्यांसाठी ब्रिक्सकॅड किंवा झेडडब्ल्यूकॅड. दोन्ही डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची फाईल) थेट उघडतात, कमांड जवळजवळ त्याच आहेत, आणि एकदाच पैसे भरून कायमचा परवाना मिळतो. ब्रिक्सकॅड बेल्जियमच्या ब्रिक्सिसचं, 2018 मध्ये ही कंपनी हेक्सागॉनने विकत घेतली. लिस्प त्यात चांगलं चालतं, जुनी ऑफिसची लिस्प बहुधा जशीच्या तशी धावते. मात्र तीन ठिकाणी पारख करा: डायनॅमिक ब्लॉकच्या (माप बदलता येणारी तयार चित्रं) ग्रिप ओढल्यावर कशा वागतात, अ‍ॅनोटेटिव्ह स्केलची अक्षरं छपाईच्या पानावर योग्य मापाची येतात का, आणि तुमची सीटीबी फाईल (रेषांची जाडी ठरवणारी) लावून काढलेल्या पीडीएफमध्ये रेषांची जाडी आधीसारखीच येते का. यातलं तिसरं सगळ्यांत जास्त दुर्लक्षित राहतं आणि साईटवर सगळ्यांत जास्त बोचतं. बीम आणि फर्निचर एकाच जाडीत छापले तर मिस्त्री काय वाचणार?

डीडब्ल्यूजीच्या आवृत्तीचा घोळ इथेच मिटवून टाका. ऑटोकॅड 2018 पासून फाईलचा साचा बदलला. 2013 ते 2017 वाल्यांना तो उघडत नाही. आरसीसी कन्सल्टंटकडे जुनं ऑटोकॅड असेल तर ऑप्शन्समध्ये ‘ओपन अँड सेव्ह’ला जाऊन 2013 हाच कायमचा साचा करून ठेवा. दर वेळी ‘सेव्ह अ‍ॅज’ आठवायची गरज राहत नाही.

लिब्रेकॅड फुकट आहे, पण ते दोन मितींचं, डीएक्सएफ या देवाणघेवाणीच्या फाईलवर चालणारं साधन. डायनॅमिक ब्लॉक नाहीत, लिस्प नाही. एखाद्या विद्यार्थ्याला रेषा शिकायला ठीक, परवानगीचं ड्रॉइंग त्यावर पेलणार नाही. फ्रीकॅडची 1.0 आवृत्ती नोव्हेंबर 2024 मध्ये आली आणि बिमची बेंच (साधनांचा संच) त्यात आतूनच आहे. प्रयोग म्हणून जरूर बघा, ऑफिस त्याच्या भरवशावर ठेवू नका.

मापांचा एक सापळा कोणत्याही कॅडमध्ये आहे आणि तो सोलापुरात रोज लागतो. घरमालक फुटांत बोलतो, महापालिका मीटरमध्ये. फूट-इंचातलं ड्रॉइंग 25.4 ने मोठं केलं की नऊ इंची भिंत 228.6 मिलिमीटर होते, साडेचार इंची 114.3. कागदावर मात्र आपण 230 आणि 115 लिहितो. डायमेन्शन पूर्णांकात दाखवलं की 229 आणि 114 उमटतं, आणि साखळीतल्या मापांची बेरीज बाहेरच्या एकूण मापाशी जुळत नाही. परवानगीचं ड्रॉइंग सुरुवातीपासून मेट्रिकमध्येच काढा. घरमालकाला दाखवायला फुटांची मापं हवी असतील तर डायमेन्शन स्टाईलमध्ये ‘अल्टरनेट युनिट्स’ चालू करा, दोन्ही मापं एकाच रेषेवर येतात.

आता स्केचअप. 2012 पासून ते ट्रिंबलकडे आहे आणि नोव्हेंबर 2020 नंतर त्याचाही कायमचा परवाना बंद झाला. वेबवरची फुकट आवृत्ती व्यावसायिक कामाला चालत नाही, आणि डीडब्ल्यूजीची देवाणघेवाण करायला प्रो लागतं. एलिव्हेशन (दर्शनी बाजू) ठरवायला, घरमालकासमोर जिना इकडचा तिकडे करून दाखवायला याच्याइतकं चपळ दुसरं काही नाही. वर्किंग ड्रॉइंगसाठी मात्र लेआउट या त्याच्या शीट बनवायच्या सोबतच्या प्रोग्रामच्या नादी लागू नका. मॉडेल मोठं झालं की पान ताजं व्हायला वेळ लागतो, आणि चाळीस शीटच्या सेटमध्ये तो वेळ फार होतो.

स्केचअपमधली सावली बघताना एक सेटिंग कुणी बदलत नाही. नवी फाईल उघडली की तिचं ठिकाण अमेरिकेतलं बोल्डर, कोलोरॅडो असतं, म्हणजे 40 अंश उत्तर. सोलापूर आहे 17.7 अंशावर. 21 जूनला भर दुपारी बोल्डरचा सूर्य दक्षिणेकडे साधारण 73 अंशांवर असतो. सोलापूरचा मात्र डोक्यावरून उत्तरेकडे कललेला असतो, 84 अंशांवर. म्हणजे मॉडेलमध्ये सावली उत्तरेला पडते आणि प्रत्यक्षात दक्षिणेला. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचं ऊन उत्तरेच्या भिंतीवर असतं, आणि बोल्डरच्या भरवशावर काढलेल्या एलिव्हेशनमध्ये त्या खिडक्यांचा छज्जा काढून टाकलेला असतो. जिओ-लोकेशनमध्ये सोलापूर निवडा, टाइमझोन 5.30 आहे का बघा. इथली खरी मध्यान्ह जूनमध्ये साडेबाराच्या सुमारास येते, तेव्हा बारा वाजताची सावली अगदी सरळ पडली नाही म्हणून गोंधळू नका.

रेव्हिट किंवा आर्चिकॅड, म्हणजे बिमचं सॉफ्टवेअर, कधी घ्यावं? पार्किंगवर चार मजले, प्रत्येक मजल्यावर तेच फ्लॅट, दारं-खिडक्यांचं लांबलचक शेड्यूल, असं काम वर्षाला दोनदा तरी येत असेल तर. जिना दोन फूट सरकला की कॅडमध्ये प्लॅन, दोन सेक्शन, एलिव्हेशन, शेड्यूल असं सगळं हाताने बदलावं लागतं आणि एक शीट हमखास राहून जातं. बिममध्ये तो बदल एकदाच होतो. 30 बाय 50 च्या प्लॉटवरच्या सुट्या बंगल्याला मात्र टेम्प्लेट (भिंती-दारांचा तयार साचा) हाताशी नसताना रेव्हिट लावणं म्हणजे वेळेचं नुकसान.

टेम्प्लेटवर पहिले दोन-तीन आठवडे जातात, ते जाऊ द्या. 230, 150 आणि 115 च्या भिंती बनवा. आतून 12 आणि बाहेरून 20 मिलिमीटर प्लास्टर वेगळे थर म्हणून द्या. मग बाहेरची भिंत एकूण 262 ची होते. डायमेन्शन ‘फेसेस ऑफ कोअर’ला, म्हणजे प्लास्टर सोडून मूळ भिंतीला, लावली नाहीत तर परवानगीच्या प्लॅनवर 262 उमटतं आणि खोल्यांची मापं 12-12 ने घसरतात. सागवानी चौकट, लोखंडी ग्रिल, कडप्प्याचा ओटा हे रेव्हिटच्या तयार फॅमिलीत (वस्तूंच्या संग्रहात) मिळत नाहीत, ते स्वतः करून ठेवावे लागतात.

क्षेत्रफळांवर आंधळा विश्वास नको. रेव्हिट खोलीचं क्षेत्र भिंतीच्या फिनिशपर्यंत धरतं, तर 2016 च्या रेरा (स्थावर मालमत्ता) कायद्यातल्या चटई क्षेत्रात, म्हणजे कार्पेट एरियात, फ्लॅटच्या आतल्या पार्टिशन भिंतींची जागाही येते. नुसती खोल्यांची बेरीज दिली तर आकडा कमी येतो. त्यासाठी वेगळा एरिया प्लॅन करावाच लागतो. प्लास्टरच्या मोजमापातही असंच आहे. मॉडेल प्रत्येक खिडकी पूर्ण वजा करतं. आयएस 1200 या मोजमापाच्या भारतीय मानकाप्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची दार-खिडकीची मोकळी जागा वजा होत नाही, आणि अर्धा ते तीन चौरस मीटरची एकाच बाजूने वजा होते. ठेकेदाराचं बिल आणि मॉडेलचा आकडा जुळला नाही की वाद लागतो, आणि त्यात ठेकेदाराचंच बरोबर असू शकतं.

रेव्हिटमधून परवानगीसाठी डीडब्ल्यूजी काढताना भिंती सुट्या रेषा होऊन येतात. एक्स्पोर्ट सेटिंगमध्ये ‘रूम्स, स्पेसेस, एरियाज अ‍ॅज पॉलीलाईन्स’ या पर्यायावर खूण करा आणि लेयरची नावं तिथेच बांधून घ्या. तरीही शेवटचा हात कॅडमध्ये फिरवावा लागतो, म्हणून एक पूर्ण ऑटोकॅड ऑफिसात हवंच.

रेव्हिटचा सगळ्यात मोठा दोष एका वाक्यात: नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाईल जुन्या आवृत्तीत उघडत नाही आणि खाली सेव्हही करता येत नाही. प्रकल्प सुरू झाला त्या आवृत्तीतच तो संपवा. आर्चिकॅड निदान एक आवृत्ती मागे सेव्ह करू देतं, मॅकवरही चालतं, आणि प्लॅनवर हात चालवायला जास्त सुखद आहे. पण कॅड क्लासमधून येणाऱ्या मुलामुलींच्या हाताला ऑटोकॅड, रेव्हिट, स्केचअप बसलेलं असतं. आर्चिकॅड घेतलं तर शिकवायची जबाबदारी तुमची.

दोघांनी एका मॉडेलवर काम करायचं तर रेव्हिट एलटी चालणार नाही, त्यात वर्कशेअरिंग नाही. सेंट्रल फाईल (सगळ्यांची सामाईक) गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये तर कधीच ठेवू नका. सिंक मध्येच घुसतं आणि फाईल बिघडते. ऑफिसातल्या एका मशीनवर किंवा नासवर (नेटवर्कवरची सामाईक डिस्क) ठेवा, गिगाबिट केबलने जोडा, वायफायवर नाही.

मोजणीची फाईल आत घेताना आणखी एक खड्डा आहे. टोटल स्टेशन या यंत्राने मोजणी करणाऱ्याने यूटीएममध्ये (पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत) दिलेल्या सोलापूरच्या प्लॉटचे आकडे पूर्वेला सहा लाखांच्या आसपास आणि उत्तरेला सुमारे साडेएकोणीस लाख मीटर असतात, झोन 43. हे जसंच्या तसं स्केचअपमध्ये आणलं की कडा थरथरतात, पृष्ठं कापल्यासारखी दिसतात. रेव्हिट मूळ बिंदूपासून 16 किलोमीटरच्या पुढे गेलेलं काम नीट सांभाळत नाही. मूळ फाईल तशीच ठेवा, तिची प्रत करून प्लॉटचा एक कोपरा शून्यावर आणा आणि त्या कोपऱ्याचे खरे आकडे शीटवर लिहा.

मशीनबद्दल थोडक्यात. रेव्हिटचं बरंच काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं, म्हणून कोअरची संख्या नव्हे, वेग बघा. 32 जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी. रेंडरसाठी एन्स्केप किंवा ट्विनमोशन चालवायचं असेल तर 8 जीबीचं ग्राफिक कार्ड एका मशीनला पुरे. मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असताना बंद खोलीत रेंडर लावला की ग्राफिक कार्ड तापून वेग उतरवतं. महिन्याला फिल्टर झाडा. प्रत्येक मशीनला यूपीएस आणि ऑटोसेव्ह दहा मिनिटांवर.

क्रॅक, म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर, वापरत असाल तर एवढं ठाऊक असू द्या: कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 63ब मध्ये जाणूनबुजून असं सॉफ्टवेअर वापरल्यास किमान 7 दिवस ते 3 वर्षांची कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे.

चार-पाच माणसांच्या ऑफिससाठी आमची निवड अशी: एक पूर्ण ऑटोकॅड, दोन-तीन ब्रिक्सकॅड, एक स्केचअप प्रो. अपार्टमेंटचं काम नक्की झालं की एक रेव्हिट, महिन्याच्या नव्हे, वर्षाच्या परवान्यावर. पैसे भरण्याआधी ट्रायल घ्या आणि नवं काही न काढता, हातावेगळं झालेलं एक जुनं काम त्यात उघडा. ‘स्वयंपाकघर’, ‘दक्षिण’, ‘क्षेत्रफळ’ हे तीन शब्द युनिकोड फॉन्टमध्ये टाइप करा, कारण ऑटोकॅडसोबत येणाऱ्या रेषांच्या एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी येतच नाही. पीडीएफ काढा, दुसऱ्या मशीनवर आणि मोबाइलवर उघडा. जोडाक्षरं फुटली किंवा वेलांटी भलत्या अक्षरावर गेली तर मराठी शीर्षकं कशी टाकायची ते विक्रेत्याकडून तिथल्या तिथे करून घ्या, आणि मग तेच पान ए2 वर छापून एखाद्या मिस्त्रीच्या हातात द्या.